शब्दकोशाचं सॉफ्टवेअर वापरताना या चुका टाळा

संगणकावर शब्दकोश वाचण्याचं गोल्डनडिक्ट हे सॉफ्टवेअर उतरवायचं, त्यात मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशाची फाइल टाकायची, शोधचौकटीत 'पावसात' असं लिहायचं, काही आलं नाही की 'मराठीसाठी धड काही नाहीच' असं म्हणून सगळं काढून टाकायचं. हा क्रम इतक्यांदा दिसतो की आता त्याचा कंटाळा आला आहे. त्या कोशात पाऊस आहे, उदाहरणांसकट आहे. 'पावसात' मात्र नाही, कारण कोशकार सहसा विभक्तीचं रूप नोंदशब्द म्हणून देत नाहीत. संगणकावरच्या कोशाबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथेच उगवतात: काय शोधलं हे न तपासता कोशाला नावं ठेवली जातात.

विभक्तीचं रूप जसंच्या तसं शोधणं

इंग्रजी शब्दाचं भूतकाळी किंवा अनेकवचनी रूप टाकलं तरी मूळ शब्द समोर येतो, म्हणून मराठीतही येईल अशी अपेक्षा असते. इंग्रजीत ते जमतं, कारण सॉफ्टवेअरच्या मागे हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाचे प्रत्ययनियम जोडलेले असतात. मराठीचे नियम आपण जोडले नसतील, तर 'म्हशीला'वरून 'म्हैस' कुठून सापडणार?

हनस्पेलची मराठी फाइल जोडता येते. गोल्डनडिक्टमध्ये एफ३ दाबून डिक्शनरीज उघडा, सोर्सेसमध्ये मॉर्फॉलॉजीच्या पानावर जा, ज्या फोल्डरात एएफएफ (प्रत्ययांचे नियम) आणि डीआयसी (शब्दयादी) या दोन्ही फाइली आहेत तो फोल्डर दाखवा, खाली दिसणाऱ्या यादीत मराठीवर खूण करा, आणि ज्या गटात तुमचे मराठी कोश आहेत त्याच गटात तीही ओढून टाका. हा शेवटचा भाग हमखास राहतो आणि मग 'जोडलं तरी चालत नाही' अशी ओरड होते.

पण जोडण्याआधी एएफएफ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. त्यात 'एसएफएक्स' या तीन रोमन अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी नसतील, तर त्या फाइलीत प्रत्ययांचा एकही नियम नाही. अशी फाइल मूळ शब्द काढून देऊ शकत नाही. नियम असले तरी हनस्पेल शब्दाच्या शेवटचे दोनच थर सोलतं. 'घरासमोरच्यांनासुद्धा' यासारख्या रूपात चार-पाच थर असतात. तिथे ते हात टेकतं, आणि ही त्या यंत्रणेची खरी उणीव आहे, आपली चूक नाही.

म्हणून सामान्यरूपावरून, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी बदललेल्या रूपावरून, मूळ शब्दाकडे जाण्याचे चार-पाच नियम डोक्यात ठेवणं हाच खात्रीचा मार्ग आहे. 'पावसा', 'देवळा', 'पावला' यांतला व परत ऊ केला की पाऊस, देऊळ, पाऊल. 'लाकडा', 'माणसा' यांत उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ ऊ गळालेला असतो: लाकूड, माणूस. 'दुधा', 'मिठा', 'पुला' यांत उपान्त्य ई किंवा ऊ फक्त ऱ्हस्व झालेला असतो: दूध, मीठ, पूल. 'सशा', 'पैशा' यांतला श परत स करायचा: ससा, पैसा. 'घोड्या', 'आंब्या' यांतला य काढून आकारान्त करायचा. छापील कोश वापरणाऱ्या पिढीला हे आपोआप येत होतं. ज्यांना पहिल्या मिनिटाला उत्तर हवं असतं, त्यांना हे पाच नियम शिकणं म्हणजे शिक्षा वाटते. ते नियम एकदा बसले की कोणत्याही सॉफ्टवेअरची गरज निम्मी होते.

जुन्या कोशात आजचं शुद्धलेखन

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची. आज सगळीकडे फिरते ती १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीवरून केलेली. आपण लिहितो ते शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनंतरचं. मधल्या शंभर वर्षांचा फरक सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेला नाही.

त्या कोशात 'करणे' नाही, 'करणें' आहे. 'केळे' नाही, 'केळें' आहे. 'नाव' या अर्थाने 'नांव' पाहावं लागतं. 'गती', 'कवी', 'पशू' हे तत्सम शब्द तिथे 'गति', 'कवि', 'पशु' असे ऱ्हस्वान्त आहेत. नवशिका 'पशू' लिहितो, एंटर दाबतो आणि एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा मराठी-इंग्रजी कोश अपुरा ठरवून मोकळा होतो.

सवय अशी लावा: पूर्ण शब्द लिहून एंटर दाबूच नका. दोन-तीन अक्षरं लिहा आणि बाजूला येणारी यादी वाचा. 'पश' एवढ्यावरच पशु दिसतो. यादी फार लांब असेल तर खुणा वापरा. 'गत?' लिहिलं की गति आणि गती दोन्ही येतात, कारण प्रश्नचिन्ह एका चिन्हाच्या जागी चालतं. 'ना*व' लिहिलं की मधला अनुस्वार असो वा नसो, दोन्ही येतात, अर्थात सोबत नको असलेलेही काही.

याच कोशातल्या संक्षेपांकडेही दुर्लक्ष होतं. रोमन एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्तानी. फाइल बनवताना प्रस्तावना गळते आणि लोक एसचा अर्थ एकवचन असा लावतात. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश आहे. संशय आला की तिथली नोंद समोर ठेवून उतरवलेल्या फाइलीशी ताडून पाहा. फिरत्या फाइलींमध्ये नोंदी तुटलेल्या असतात, दोन शब्दांचे अर्थ एकत्र आलेले असतात.

दिसायला एक, आतून दोन

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक ही. तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं.

एका छोट्या भाषांतर गटाने तांत्रिक संज्ञांचा स्वतःचा कोश केला. तिघांनी नोंदी केल्या, तिघांचे कळफलक वेगळे. कोश तयार होऊन सगळ्यांच्या संगणकांवर बसला आणि गोंधळ सुरू झाला. 'ॲसिड' सापडतो, 'ॲल्युमिनियम' सापडत नाही. एकाच्या संगणकावर उलटं. एकाने सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं. दुसऱ्याने अनुक्रमणिका पुसून नव्याने करायला लावली. तिसऱ्याने तर 'नसलेले' शब्द पुन्हा भरायला घेतले. काही दिवसांत एकेका शब्दाच्या दोन-दोन नोंदी झाल्या, त्यांतले पर्याय वेगवेगळे, आणि एकाच पुस्तकात एका संज्ञेला दोन प्रतिशब्द गेले.

कारण एवढंच होतं: 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला संकेतांक देणाऱ्या व्यवस्थेत, दोन प्रकारे लिहिता येतं. एक, ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक. तो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. दोन, अ म्हणजे ०९०५ आणि त्यावर अर्धचंद्र म्हणजे ०९४५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सॉफ्टवेअर आकार पाहत नाही, संकेतांक जुळवतं, त्यामुळे त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. भरीला जुन्या सवयीने कोणी 'ऍ' वापरलेला असतो, तो तिसरा.

इथे हुशार माणसंही फसतात. एकाच अक्षराची समान मानलेली रूपं एक करणारं युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, चालवलं की सगळं सुधारेल असं त्यांना वाटतं. र आणि खालचा नुक्ता यांच्यापासून 'ऱ' म्हणजे ०९३१ एनएफसी बरोबर करून देतं. अ आणि अर्धचंद्र यांचं मात्र ०९७२ करत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ही दोन रूपं समान मानलेलीच नाहीत. ती बदलण्याचं काम हातानेच करावं लागतं.

दुसरा सापळा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांचा. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला चंद्रकोरीसारखा र काही जण ऱ आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) असा लिहितात, काही कळफलक र, हलन्त आणि २००डी हा न दिसणारा जोडक असा लिहितात. तोही एनएफसीला कळत नाही.

ओळखायचं कसं? लिबरऑफिस रायटरमध्ये शब्द चिकटवा, संशयित अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवा, ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी संकेतांक येतो, पुन्हा तेच दाबलं की अक्षर परत. कोशाची फाइल बनवण्याआधी मूळ तक्त्यात या बदल्या एकदा करून घ्या: ०९०५ व ०९४५ची जोडी आणि ऍ या दोन्हींच्या जागी ०९७२, आ आणि अर्धचंद्र यांच्या जागी 'ऑ' म्हणजे ०९११, र-हलन्त-जोडक यांच्या जागी ऱ आणि हलन्त. त्यानंतर एनएफसी. मग जुनी रूपं फेकून न देता ती पर्यायी नोंदशब्द म्हणून ठेवा, कारण कोश शुद्ध झाला तरी शोधणाऱ्याचा कळफलक शुद्ध होत नाही. त्या गटाचं बदल्यांचं काम एका बैठकीत झालं. दुहेरी झालेल्या नोंदी मात्र एकेक वाचून जुळवाव्या लागल्या, आणि त्याला दुसरा उपाय नव्हता.

स्वतःचा कोश घाईने बनवणं

एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. लिबरऑफिस कॅल्कमधून यूटीएफ-८ आणि टॅब विभाजक निवडून जतन करा. एका ओळीत एक नोंद, शब्द, टॅब, अर्थ. अर्थाच्या भागात ओळ तोडायची असेल तर उलटी तिरकी रेघ आणि रोमन एन. पर्यायी रूपं शब्दाच्या बाजूला उभ्या रेघेने जोडायची. ही फाइल पायग्लॉसरी या कोशफाइली बदलून देणाऱ्या साधनाला दिली की गोल्डनडिक्टला वाचता येणारा, स्टारडिक्ट या प्रकारचा संच तयार होतो: आयएफओ, आयडीएक्स, डिक्ट, आणि पर्यायी रूपांसाठी एसवायएन.

तयार झालेल्या संचात हाताने हात घालू नका. आयएफओमध्ये शब्दसंख्या आणि आयडीएक्सचा आकार बाइटांत लिहिलेला असतो. एखादा बाइट इकडचा तिकडे झाला तरी कोश उघडत नाही. नोटपॅडने आयएफओच्या सुरुवातीला बीओएम ही अदृश्य खूण घातली तरी तेच. दुरुस्ती करायची ती मूळ टॅब फाइलीत, आणि संच पुन्हा बनवायचा.

डिक्ट फाइल लहान करायला नेहमीचं जीझिप वापरून शेवटी डीझेड असं नाव देणं हा लाडका आडमार्ग. डिक्टझिपने दाबलेल्या फाइलीत मधूनच वाचता येईल असे तुकडे असतात, साध्या जीझिपमध्ये ते नसतात. कोश यादीत दिसतो आणि अर्थ उघडताना अडतो. डिक्टझिप नसेल तर फाइल न दाबता ठेवा, आजच्या डिस्कवर ती जागा कोणाला जड होत नाही.

म्हणींचा कोश करणाऱ्यांसाठी: स्टारडिक्टमधला नोंदशब्द २५६ बाइटांच्या आतच हवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्त धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं. लांब म्हणीचे पहिले चार शब्द नोंदशब्द ठेवा, पूर्ण म्हण अर्थाच्या भागात लिहा.

बाकीच्या

चाळीस कोश एकदम भरणं. पहिल्या दिवशी दोन, फार तर तीन. गटात वर तो कोश ठेवा ज्यावर तुमचा विश्वास आहे, कारण थकलेला माणूस पहिलाच अर्थ उचलतो.

पीडीएफमधून शब्द उचलून चिकटवणं. जुन्या डीटीपी फाँटांतला मजकूर आतून रोमन अक्षरांचा असतो, युनिकोड पीडीएफमध्येही पहिली वेलांटी जागा सोडून बसते. चार अक्षरं हाताने लिहा.

यादीचा क्रम चुकलेला पाहून फाइल बिघडली असं समजणं. संकेतांकांच्या क्रमात ळ हा व च्या आधी येतो, क्ष हा क मध्ये, आणि ॲ पार ह च्या नंतर. कोश ठीक आहे.

कंट्रोल धरून सी दोनदा दाबल्यावर निवडलेल्या शब्दाच्या अर्थाची खिडकी येत नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलणं. लिनक्सवर वेलँड (खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) सत्र असेल तर असे शॉर्टकट पकडले जात नाहीत. लॉगिनच्या वेळी जुन्या एक्स११ सत्राचा पर्याय मिळत असेल तर तो निवडून पाहा.

उलटा शोध न वापरणं. याचं मात्र मनापासून वाईट वाटतं. संगणकावरचा कोश छापील कोशाहून कुठे सरस असेल तर इथे. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून पूर्ण मजकुरात शोधा. मळणीसाठीचा इंग्रजी शब्द टाकला की खळ्यातले, बैलांचे, तिवड्याचे, भुसाचे असे मराठी शब्द समोर येतात, जे वर्णानुक्रमाने चाळून आयुष्यात हाती लागले नसते. पहिल्या वेळी अनुक्रमणिका बनायला वेळ लागतो आणि ती डिस्कवर बरीच जागा घेते. ती रात्रभर चालू ठेवा, मध्येच बंद करू नका. आणि मिळालेला शब्द भाषांतरात घालण्याआधी त्याच कोशात उलटा पाहा, मग विसाव्या शतकातल्या एखाद्या कोशातही पाहा: दीडशे वर्षांपूर्वीचा अर्थ आजही तोच असेल हे सॉफ्टवेअर सांगत नाही.