झिपलाइन करण्याआधी या चुका टाळा

लोणावळा, कर्जत, कोलाड, पाचगणी, कुठेही जा, आता रिसॉर्ट म्हटलं की झिपलाइन, म्हणजे उंचावरून उतरत्या केबलला लटकून सरकत जायची राइड, असतेच. आणि रांगेत उभं राहून आपण काय बघतो, तर उंची किती आणि केबल जाड आहे ना. पण केबल अख्खी तुटणं फार क्वचित होतं. गडबड जास्त करून दोन टोकांना होते, जिथून सोडतात तिथे आणि जिथे थांबवतात तिथे. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी खाली पाच मिनिटं उभं राहून चारपाच लोक जाताना बघा, निम्मं चेकिंग तिथेच होतं.

टॉवरवर मोकळं उभं राहणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. एप्रिल २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात भोरजवळच्या एका रिसॉर्टवर एक तरुणी झिपलाइनला हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा संच) अडकवायला म्हणून स्टुलावर चढली आणि तोल जाऊन साधारण ३० फुटांवरून खाली पडली, त्यात ती गेली. म्हणजे राइड सुरूसुद्धा झाली नव्हती! वर पोचल्या पोचल्या, मेन लाइनला जोडायच्याही आधी, तुमच्या हार्नेसचा एक दोर टॉवरच्या पक्क्या अँकरला (न हलणाऱ्या आधाराला) अडकवलेला पाहिजे, ट्रेकिंगवाले याला सेल्फ अँकर म्हणतात. केबलवर पुली चढवून झाली, लॉक झालं, की मगच तो दोर काढायचा. लाइनपर्यंत हात पोचावा म्हणून कोणी स्टूल, खुर्ची किंवा रेलिंगवर चढायला सांगत असेल तर तिथूनच सरळ खाली उतरा, पैसे गेले तर गेले.

एकाच दोरावर भरवसा

हार्नेसपासून केबलकडे दोन जोडण्या हव्यात, एक पुलीवर आणि दुसरी बॅकअप म्हणून वेगळी. दोन्ही एकाच कॅरॅबिनरमध्ये (दोर अडकवायची, उघडता येणारी धातूची कडी) असतील तर तो बॅकअप नाही, तो कॅरॅबिनर गेला की दोन्ही गेलं. कॅरॅबिनर लॉकवाला असतो, त्याचं लॉक फिरवून झाल्यावर बोटाने दाबून बघा, गेट, म्हणजे कडीची उघडणारी बाजू, उघडलं तर लॉक लागलेलं नाही. हे स्वतः दाबून बघायला लाजू नका, चांगला इन्स्ट्रक्टर उलट खूश होतो.

हार्नेस ढिला, आणि जुनापण

जून २०२५ मध्ये नागपूरची एक मुलगी मनालीत झिपलाइनवरून पडून जबर जखमी झाली, बेल्ट तुटला असं तेव्हा बातम्यांमध्ये आलं होतं. म्हणून पट्ट्या नीट बघा. कडा कुसकरलेल्या, शिवण उसवलेली, रंग उडून पांढरट पडलेला, कापड कडक झालेलं, यातलं काहीही दिसलं तर दुसरा हार्नेस मागा. नायलॉनचं आयुष्य उन्हात झपाट्याने कमी होतं, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हार्नेस दिवसभर उन्हातच लटकत असतात. आत एक लेबल असतं, त्यावर बनवल्याचं साल असतं. बहुतेक कंपन्या कापडी सामानाला जास्तीत जास्त १० वर्षं देतात, रोजच्या वापरात त्याच्या कितीतरी आधी बदलावं लागतं. लेबलच फाटून गेलेलं असेल तर वय कळायला मार्ग नाही, तो घालू नका.

कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, आत सपाट हात जावा पण मूठ जाऊ नये. लहान मुलांना नुसता कमरेचा हार्नेस चालत नाही कारण त्यांची कंबर अजून भरलेली नसते, मूल उलटं झालं तर सटकू शकतं, त्यांना खांद्यावरून येणारा फुल बॉडी हार्नेसच हवा. तो नसेल तर मूल कितीही रडलं तरी नाही म्हणा.

वजन लपवणं आणि ब्रेक न बघणं

वजन खरं सांगा. जड माणूस खाली वेगात पोचतो, हलका मध्येच अडकतो, म्हणून दोन्ही बाजूंची मर्यादा लिहिलेली असायला हवी. शेवटच्या टोकाला स्प्रिंग किंवा बंजीचा ब्रेक हवा, आणि तो फेल गेला तर थांबवायला दुसरी सोय हवी. नुसती गादी बांधलेली आणि एक पोरगा हात पुढे करून उभा, हा ब्रेक नाही. वॉकीटॉकीपण बघा, खालच्याने 'क्लिअर' म्हटल्याशिवाय वरचा पुढच्याला सोडत असेल तर धोका आहे. केबल ओली असली की ब्रेकची पकड कमी होते, वीज चमकत असेल तर प्रश्नच नाही, पावसाळ्यात 'चालतंय हो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

ओढणी, मोकळे केस, गळ्यातला कॅमेरा, सेल्फी स्टिक, सगळं खाली ठेवा, पुलीत केस अडकले की फार वाईट होतं.

कागद न विचारणं

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दाखवा म्हणा, आजच्या चेकिंगची वही दाखवा म्हणा, सकाळी पहिली टेस्ट राइड कोणी घेतली तेही विचारा. आपण फॉर्मवर 'जबाबदारी माझी' अशी सही करतो ना, मग हे विचारायचा हक्क आहेच.

मध्येच अडकलात तर

घाबरून केबल पकडायला जाऊ नका, विशेषतः पुली सरकत असताना तिच्या पुढे हात गेला तर बोटं चिरडतात. पुली पूर्ण थांबू द्या. त्यांनी आधी दाखवलं असेल तर उलटं वळून, हात पुलीच्या मागे ठेवून स्वतःला हळूहळू ओढत आणता येतं, नाहीतर तसेच बसा, ते आणायला येतील. मात्र हार्नेस फार वेळ लटकल्यावर मांड्यांना काचतो आणि पाय बधिर होतात, म्हणून पाय हलवत राहा आणि मुंग्या आल्या की ओरडून सांगा. कुठलंही बकल किंवा कॅरॅबिनर स्वतः उघडायचं नाही, दोन फुटांवर जमीन दिसत असली तरी नाही.