युनियनच्या पोरांना उचललं तर जिनिव्हाला तक्रार कशी करायची

आधीच सांगतो, जिनिव्हाच्या, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) पत्राने जामीन होत नाही. जामीन इथल्याच कोर्टात होणार, त्यामुळे पहिला फोन वकिलाला, दुसरा घरच्यांना, बाकी सगळं नंतर. पण आयएलओकडे तक्रार नोंदली गेली की केंद्र सरकारकडे लेखी खुलासा मागितला जातो, आणि जे पीआय साहेब कालपर्यंत 'वरून आदेश आहे' म्हणत होते त्यांच्याकडे आता वरूनच विचारणा येऊ शकते. एवढ्यासाठी तरी करायचं.

एक गैरसमज अजून बऱ्याच पुढाऱ्यांच्या डोक्यात आहे, की भारताने आयएलओचे ८७ आणि ९८ नंबरचे करार (युनियन बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क) मंजूरच केले नाहीत तर तक्रार कशी चालेल. चालते. आयएलओची संघटन स्वातंत्र्य समिती १९५१ पासून आहे आणि तिच्याकडे कुठल्याही सदस्य देशाविरुद्ध तक्रार जाते, करार मंजूर असो वा नसो. सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजूंचे लोक त्यात बसतात, म्हणून ती एकतर्फी आहे असं सहज म्हणता येत नाही.

आता कागद. खरी मेहनत इथेच आहे आणि नेमकं इथेच लोक ढिले पडतात. एफआयआरची कॉपी, अरेस्ट मेमो, रिमांड रिपोर्ट, मेडिकल, हे सगळं पहिल्या दोन दिवसांत गोळा करा. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलंय, तो कागद दिला नसेल तर 'दिला नाही' हेही तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं का, किती वाजता उचललं आणि अटक किती वाजता दाखवली, यातला फरक फार बोलका असतो. प्रतिबंधात्मक अटकेच्या पूर्वीच्या कलम १५१ खाली म्हणजे आताच्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या (बीएनएसएस) १७० खाली एक दिवस बसवून सोडलं तरी प्रकरण सोडून देऊ नका, युनियनच्या कामासाठी थोडा वेळ जरी डांबलं तरी तो हक्कभंगच असं ही समिती वर्षानुवर्षं म्हणत आलीय.

दुसऱ्या फाईलमध्ये युनियनची बाजू: रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, कंपनीला दिलेली पदाधिकाऱ्यांची यादी, पोच घेतलेलं मागणीपत्र, संपाची नोटीस, कामगार आयुक्तांकडच्या बैठकीचं इतिवृत्त. मग दोन्ही फायली समोर ठेवून तारखांची एक पट्टी बनवा. समजा १२ तारखेला मागणीपत्र दिलं, १९ ला आयुक्तांकडे बैठक फिसकटली, २० ला पहाटे सेक्रेटरीला घरून उचललं, आणि एफआयआरमध्ये लिहिलंय १५ तारखेला गेटवर 'गैरकायद्याची मंडळी जमवून सरकारी कामात अडथळा'. बास, १५ ते २० पोलीस काय करत होते हा प्रश्न आपोआप उभा राहतो, तुम्हाला 'भांडवलदारधार्जिणं सरकार' वगैरे लिहायची गरजच पडत नाही. घोषणा मोर्चात द्या, तक्रारीत नको.

आणि दगडफेक झाली असेल तर लपवू नका. युनियनवाला म्हणून फौजदारी कायद्यातून सूट मिळत नाही हे समितीचंही म्हणणं आहे, सरकार 'कायदा सुव्यवस्थेचा प्रश्न' म्हणणारच, तुम्ही फक्त एवढं दाखवायचं की उचललेला माणूस तिथे नव्हता, किंवा होता पण त्याने काही केलं नाही.

तक्रार कोण करू शकतं? त्या प्रकरणाशी थेट संबंध असलेली देशातली संघटना स्वतः करू शकते, पण एकट्या छोट्या युनियनपेक्षा वरची संघटना सोबत असली तर वजन पडतं. देशातल्या एचएमएस, इंटक किंवा सेवा या संघटनांशी जोडलेले असाल तर आयटीयूसी, आयटक किंवा सिटूवाले असाल तर डब्ल्यूएफटीयू (या दोन्ही युनियनच्या जागतिक संघटना), शिवाय कारखान्यावाल्यांसाठी इंडस्ट्रीऑल, ट्रान्सपोर्टसाठी आयटीएफ या त्या-त्या क्षेत्राच्या जागतिक संघटना. पत्र आयएलओच्या महासंचालकांच्या नावे, लेखी, पदाधिकाऱ्याच्या सहीनिशी, इंग्रजीत, त्यामुळे मराठी एफआयआरचं नीट भाषांतर जोडा. पोच आल्यावर आणखी पुरावे द्यायला महिनाभर मिळतो. माणूस आत असेल तर 'तातडीचं' असं पहिल्याच ओळीत लिहा, जीव किंवा व्यक्तिस्वातंत्र्य धोक्यात असेल तर प्रकरण आधी घेतात. तरी समिती वर्षातून तीनदाच बसते, तेव्हा महिने जाणार हे धरूनच चला.

याच्याच जोडीला यूएनचा मनमानी अटकेवरचा कार्यगट आहे, तिथे घरचे किंवा वकीलही अर्ज करू शकतात आणि इथली सगळी कोर्टं संपेपर्यंत थांबावं लागत नाही. मात्र आतल्या माणसाची किंवा घरच्यांची संमती आधी घ्या, त्यांना न विचारता परस्पर जगभर नाव फिरवणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

अपेक्षा किती ठेवायची? बेलारूसचे कामगार नेते यारोशुक तर आयएलओच्या नियामक मंडळावरच होते, तरी एप्रिल २०२२ मध्ये आत टाकलं आणि चार वर्षांची शिक्षा दिली. त्यानंतर जून २०२३ मध्ये आयएलओने बेलारूसवर आपल्या घटनेचं कलम ३३ (शिफारशी न पाळणाऱ्या देशावर कारवाईचं) लावलं, जे त्याआधी फक्त म्यानमारवर लागलं होतं. कंबोडियात नागावर्ल्ड कॅसिनोच्या युनियनच्या नेत्या छिम सिथार नोव्हेंबर २०२२ मध्ये आयटीयूसीच्या मेलबर्नच्या अधिवेशनाहून परतल्या आणि जामिनाच्या अटी मोडल्याच्या ठपक्यावरून एअरपोर्टवरच अटक झाली. म्हणजे जामिनावर असलेल्याने परदेशी कार्यक्रमाला निघण्याआधी जामिनाच्या अटी वकिलाकडून नीट वाचून घ्याव्यात.

पैशांचं पण बघा. तक्रार पाठवणं गुन्हा नाही, पण बाहेरच्या संघटनेने 'लीगल फंड' म्हणून पैसे पाठवले आणि तुमच्याकडे एफसीआरए (परदेशी पैसे घ्यायची सरकारी परवानगी) नाही, तर मूळ केस राहील बाजूला आणि दुसरीच गळ्यात पडेल. वर्गणी इथेच काढा.

केस नंबर मिळाला की तो आयएलओच्या नॉर्मलेक्स साईटवर सापडतो का ते अधूनमधून बघत राहा, आणि वकिलाला कळवा. जामिनाच्या अर्जाला ते जोडायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या, काही कोर्टांना परदेशी कागद दिसला की उलट राग येतो.