स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर व्यायामासाठी मोबाईलवरील खेळ कसा वापरावा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन पार पडल्यावर डॉक्टर रोज चालण्याचा सल्ला देतात. पण तो सल्ला प्रत्यक्षात आणणे घरी परतल्यावर अवघड जाते. थकवा झोपूनही जात नाही, हात वर नेताना काखेत ओढ बसते, गल्लीत बाहेर पडले की विचारपूस करणाऱ्यांची उत्तरे द्यावी लागतात आणि घरातली माणसे मायेपोटी ‘तू बस, आम्ही करतो’ म्हणत राहतात. मोबाईलवरील खेळ हा उपचार नाही. मात्र आज किती चालणे झाले हे तो दाखवतो, उद्या उठण्याला निमित्त देतो आणि योग्य रीतीने मांडला तर घरातल्यांनाही तुमच्याबरोबर चालायला लावतो. माझ्या मते त्याचा खरा उपयोग या शेवटच्या गोष्टीत आहे, म्हणून पुढची सगळी मांडणी तिच्याभोवती केली आहे.

खेळ निवडण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी, आणि ‘चालू का?’ एवढेच न विचारता नेमके प्रश्न विचारावेत. आजार हाडांत गेला आहे का? डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधे दिली असतील, तर हृदयाची तपासणी ठीक आहे का? पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधामुळे तळपाय बधिर झाले असतील, तर खडबडीत वाटेवर चालावे का? काखेतल्या किती गाठी (लसीकाग्रंथी) काढल्या आहेत आणि हात सुजण्याची शक्यता कितपत आहे? छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय असो वा धाराशिवकडच्या अनेकींना जवळ पडणारे बार्शीचे रुग्णालय, तपासणीच्या दिवशी गर्दीत हे प्रश्न राहून जातात. म्हणून ते आधीच कागदावर लिहून न्यावेत.

किती व्यायाम करावा, याविषयी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शिफारशी उपयोगी पडतात. आठवड्यातून ३ दिवस, प्रत्येकी ३० मिनिटे, मध्यम गतीचा व्यायाम काही आठवडे सातत्याने केल्यास थकवा, चिंता आणि उदासी कमी होते, असे त्यांत म्हटले आहे. मध्यम गती ओळखणे सोपे आहे: चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. सुरुवातीला ही ३० मिनिटे दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांत विभागली तरी चालतात.

आता खेळाकडे वळू. कॅमेऱ्यासमोर नाचायचे किंवा हात झटकायचे खेळ पहिल्या काही महिन्यांत टाळावेत, कारण त्यांत हाताला अचानक हिसका बसतो. याच कारणाने पंचमीची फुगडी आणि झोकाही फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नको. नकाशावर फिरून काही पकडायचे खेळ गावात फारसे रंगत नाहीत, शिवाय रस्त्यावर नजर पडद्यातच राहते. त्यांची गोडीही लवकर ओसरते. पोकेमॉन गो २०१६ मध्ये आला, तेव्हा तो खेळणाऱ्यांची पावले पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ ने वाढली होती, पण सहाव्या आठवड्यापर्यंत ती पूर्वीइतकीच झाली, असे त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. म्हणून पावले मोजणारे साधे अ‍ॅप घ्यावे आणि खेळ आपणच रचावा.

फोन हालचालीवरून पावले मोजतो, तेव्हा तो अंगावर असायला हवा. साडीला खिसा नसतो आणि फोन बाजेवर राहिला, तर दिवसभराची धावपळ शून्य दिसते. जुन्या चंचीसारखी कापडी पिशवी शिवून ती कमरेला बांधली की हा प्रश्न सुटतो. मनगटावरचा बँड वापरायचा असल्यास तो शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातावर घट्ट बांधू नये. घरात एकच फोन असेल आणि तो मुलाकडे राहत असेल, तर चालण्याच्या वेळी तो तुमच्याकडे येईल, हे आधीच ठरवून घ्यावे. अ‍ॅप सुरू केल्यावर मोजून १०० पावले चालून आकडा पडताळावा. फुकटच्या अ‍ॅपमध्ये जाहिराती असतात. त्यांवर दाबू नये, पैसे भरू नयेत आणि आजाराची माहिती कुठेही लिहू नये.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये, नेहमीसारखे वागून फक्त पावले मोजावीत. सात दिवसांची सरासरी समजा २,००० निघाली, तर पुढच्या आठवड्याचे लक्ष्य २,५०० ठेवावे आणि ते सहज जमू लागल्यावरच आणखी ५०० ची भर घालावी. दहा हजारांच्या मागे लागू नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलांच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला आहे, कोणत्याही डॉक्टरांनी तुमच्यासाठी तो ठरवलेला नाही.

गुणांची पद्धत अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथील कुटुंबांवर झालेल्या एका प्रयोगातून घेता येते. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातली माणसे कर्करोगाचे रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती, पण पद्धत आपल्या घराला शोभणारी आहे. दर सोमवारी कुटुंबाला ७० गुण आधीच दिले जात. रोज एका सदस्याचे नाव चिठ्ठीसारखे निघे. त्याने आदल्या दिवशी आपले लक्ष्य गाठले असेल तर गुण टिकत, नसेल तर १० जात. आठवड्याअखेर ठरवलेले किमान गुण उरले, तर कुटुंब वरच्या पायरीवर जाई. नाव कोणाचे निघेल हे ठाऊक नसल्यामुळे सगळेच चालत. १२ आठवड्यांत या कुटुंबांतल्या माणसांची पावले दिवसाला सरासरी १,६६१ ने वाढली, तर खेळ न दिलेल्यांची ६३६ ने.

हाच खेळ सून, मुलगी, नणंद, शेजारीण अशा चार-पाच जणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मांडता येतो. प्रत्येकीचे लक्ष्य तिच्या स्वतःच्या सरासरीवरून ठरवावे, म्हणजे वीस वर्षांच्या मुलीशी तुमची तुलना होणार नाही. पायऱ्यांना आपल्या रेल्वेमार्गावरच्या स्थानकांची नावे द्यावीत: संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड. मूळ प्रयोगात गुण कमी पडले की खालच्या पायरीवर यावे लागे. तो नियम आपल्याला नको. आठवडा चुकला तर त्याच स्थानकावर थांबावे. ताप, उलट्या, इंजेक्शन किंवा रुग्णालयाचा फेरा असलेल्या दिवशी तुमची चिठ्ठी बाजूला काढावी. आजारी बाईमुळे गुण गेले, अशी बोच कोणालाही, विशेषतः तिला स्वतःला, लागू देऊ नये.

शेतातले काम या खेळात नीट बसत नाही. खुरपणीत बाई उकिडवी बसून सरकते, तेव्हा पावले थोडी आणि शीण मोठा. अशा दिवशी लक्ष्य निम्मे करावे. कापूस वेचताना बोंडाची टोके हाताला लागतात. काखेतल्या गाठी काढलेल्या हातावर तेवढ्या ओरखड्यातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून लांब बाह्या आणि हातमोजे वापरावेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उष्णतेने सूज वाढू शकते, त्यामुळे सकाळी आठच्या आत चालून घ्यावे किंवा दिवस मावळल्यावर. बाहेर जाववत नसेल, तर ओसरीतल्या येरझाऱ्याही फोन मोजतो.

हाताचे व्यायाम मात्र फोन मोजत नाही, म्हणून त्यांची नोंद ग्रुपवर स्वतः करावी. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे, खांदे गोल फिरवणे, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हळूहळू उचलणे, यांतले जे झाले त्याचे ५ गुण जास्तीचे धरावेत. ‘त्या हाताने कधीच काही उचलू नको’ हा सल्ला अजून ऐकू येतो. परंतु हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवरील एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेल्याने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. यातली देखरेख महत्त्वाची आहे. एकदम भरलेला हंडा उचलणे म्हणजे हा व्यायाम नव्हे.

छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, हाडात नव्याने सुरू झालेली वेदना, हाताला जडपणा, लाली किंवा सूज, यांपैकी काहीही जाणवले तर त्या दिवशी खेळ थांबवून डॉक्टरांना कळवावे. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

साधारण सहाव्या आठवड्यात खेळाची नवलाई कमी होऊ लागते, त्याआधीच ग्रुपमध्ये एक नवी सोबतीण घ्यावी किंवा चालण्याची वाट बदलावी. आठवड्यातून एकदा कोपराच्या वर आणि खाली ठरलेल्या जागी दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून ते आकडे पावलांच्या खाली लिहावेत, आणि पुढच्या तपासणीला जाताना तो ग्रुप उघडून डॉक्टरांना दाखवावा, म्हणजे लक्ष्य वाढवायचे की तेवढेच ठेवायचे हे त्यांना आकड्यांवरून सांगता येईल.