सोलापुरात प्लॉट घेताय? दराआधी फेरफार बघा

जुळे सोलापुरात किंवा कुंभारीच्या बाजूला प्लॉट घेऊन टाकला की म्हातारपणाची सोय झाली, असं एजंट सांगतात. मोकळा प्लॉट महिन्याला एक रुपयाही देत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि पगार चालू असेल तरच प्लॉटच्या नादी लागा. नाहीतर भाडं देणारं लहान घर बरं.

त्याचंही गणित आधी मांडा. समजा फ्लॅट 30 लाखांचा आणि भाडं 8,000. वर्षाचे 96,000, म्हणजे 3.2 टक्के. त्यातून घरपट्टी, मेन्टेनन्स आणि एखादा रिकामा महिना वजा. 24 लाखांचं कर्ज 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं तर हप्ता सुमारे 20,800. "भाड्यातूनच हप्ता सुटतो" म्हणणाऱ्याला उरलेले 12,800 कुठून आणायचे ते विचारा.

आता कागद. माणूस फसतो तो इथंच.

महाभूमीवर 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. बहुतेक लोक त्यावर विकणाऱ्याचं नाव बघतात आणि खूश होतात. नजर आधी दोन ठिकाणी टाका: भूधारणा पद्धत आणि इतर हक्क. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींनी बांधलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. इतर हक्कात कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, भूसंपादन किंवा "कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र" असा शेरा असेल तर विसाराचा पैसा खिशातच ठेवा. देवस्थान इनाम दिसलं तर उठून या.

मग फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं आणि हक्क बदलल्याची नोंद. सातबाऱ्यावर जे नोंद क्रमांक आहेत, त्यातला प्रत्येक उतारा काढा आणि 30 वर्षं मागे जा. सगळ्यात घातक असते ती वारस नोंद. वडील वारले, तिघा भावांची नावं लागली, बहिणींचं नावच नाही. किंवा बहिणींनी हक्क सोडल्याचं म्हणतात, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुणाकडेच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्यामुळे तुम्ही घर बांधून झाल्यावरही वाटपाचा दावा लागू शकतो. नावापुढं ए.कु.मॅ. असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे. अ.पा.क. असेल तर त्यात अज्ञानाचा, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाचा हिस्सा आहे, आणि तो विकायला कोर्टाची परवानगी लागू शकते. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा सल्ला तर निव्वळ चुकीचा. ती महसुली नोंद आहे. मालकी खरेदीखतावरून आणि वारसाहक्कावरून ठरते.

गटातला एक-दोन गुंठा सामाईकात विकण्याचा धंदा वेगळाच. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, पण तो गटात नेमका कुठं आहे हे सातबारा सांगत नाही. तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीत, सवलती येत असतात. त्यानं रस्ता, ड्रेनेज आणि बांधकाम परवाना आपोआप मिळत नाही. मंजूर लेआउट आणि एनए (बिगरशेती) आदेश दाखवत नसतील तर दर कितीही कमी असो, घेऊ नका. शिवाय शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं, नाहीतर परवानगी.

नोटरी केलेल्या साठेखतावर (पुढं विकण्याच्या करारावर) पूर्ण रक्कम देणं हा शुद्ध वेडेपणा. वकिलाकडून सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, हद्द कायम मोजणी करून घ्या. स्कीम 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक तपासा. पैसे बँकेतून द्या. मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली की फेरफाराचा पाठपुरावा सोडू नका.

घर भाड्यानं द्यायचं तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच करा; ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे. आणि घर घेण्याआधी शेजारच्या बाईंना विचारा, नळाला किती दिवसांआड पाणी येतं आणि हौद किती लिटरचा आहे. सोलापुरात भाडेकरू टिकतो की नाही, ते पुष्कळदा त्यावरच ठरतं.