फ्लोरिडापुढची रेघ: १८६८चा निकाल वाचताना या चुका टाळा

अमेरिकेच्या १८६८च्या अध्यक्षीय निवडणुकीचा राज्यवार तक्ता बघताना फ्लोरिडापाशी बोट अडतं. इलेक्टरांच्या, म्हणजे प्रत्येक राज्यातर्फे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या रकान्यात रिपब्लिकन उमेदवार युलिसिस ग्रँट यांना ३, आणि जनतेच्या मतांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. बरेच जण तिथे शून्य लिहून मोकळे होतात. तसं करू नका. फ्लोरिडात त्या वर्षी अध्यक्षपदासाठी जनतेचं मतदान झालंच नाही. तिन्ही इलेक्टर विधिमंडळाने निवडले.

व्हर्जिनिया, मिसिसिपी आणि टेक्सासपुढेही रेघच दिसेल, पण ती वेगळी. यादवी युद्धानंतर ही राज्यं तोवर संघराज्यात परत घेतलीच नव्हती, त्यामुळे त्यांचा इलेक्टरांचा रकानाही रिकामा. रेघ दिसली की आधी शेजारचा रकाना बघा.

दुसरी चूक आपल्या सवयीतून होते. आपले आमदार राष्ट्रपतिपदासाठी स्वतः मत देतात, म्हणून फ्लोरिडाच्या आमदारांनी ग्रँटना मतं दिली असं वाटतं. त्यांनी फक्त तीन माणसं निवडली. ग्रँटना मत दिलं त्या तिघांनी.

हे बेकायदा होतं, असंही सर्रास लिहिलं जातं. इलेक्टर कसे नेमायचे हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं, असं संविधानाचं दुसरं कलमच सांगतं. साऊथ कॅरोलिनात तर १८६०पर्यंत हीच रीत होती. अर्थात कायद्यात बसतं म्हणून ते निर्मळ ठरत नाही. फ्लोरिडा जून १८६८मध्ये संघराज्यात परतलेलं, विधिमंडळात रिपब्लिकनांचं बहुमत. निकाल काय लागणार हे उघड होतं.

पण म्हणून पुनर्रचनेच्या, म्हणजे यादवी युद्धात फुटलेली राज्यं संघराज्यात परत घेण्याच्या काळात सगळ्या दक्षिणेने हेच केलं, असं म्हणू नका. अलाबामाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नर विल्यम स्मिथ यांनी ते नकाराधिकार वापरून अडवलं. गंमत म्हणजे स्मिथही रिपब्लिकनच, आणि मग झालेल्या मतदानात अलाबामा ग्रँटनीच जिंकलं.

शेवटचा घोळ १८७६च्या अध्यक्षीय निवडणुकीशी गल्लत करण्याचा. त्या वर्षी फ्लोरिडात वाद पेटला तो जनतेने दिलेल्या मतांच्या मोजणीवरून. विधिमंडळाने इलेक्टर निवडले ते कोलोराडोत; ऑगस्टमध्येच राज्य झालेलं, आणि तेवढ्या एका निवडणुकीपुरती ही सोय त्याच्या नव्या संविधानातच लिहिलेली. १८६८मध्ये ग्रँट इलेक्टरांच्या २१४ विरुद्ध ८० मतांनी जिंकले. फ्लोरिडाच्या तिघांवाचून त्यांचं काही अडलं नसतं. १८७६मध्ये कोलोराडोचे ३ मात्र रिपब्लिकन उमेदवार रदरफर्ड हेज यांना मिळाले, आणि हेज जिंकले १८५ विरुद्ध १८४ असे.