शेतातला मातीचा बांध फुटतो कशामुळे: या चुका टाळा

आमच्या ओढ्यावरचा बांध पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरला. सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जायच्या वाटेवरून, पाणी खळाळायला लागलं तसा काकांचा जीव तुटायला लागला. संध्याकाळपर्यंत खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्यांनी सांडव्यावर दोन थर रचलेसुद्धा. "फूटभर पाणी जास्त राहील, हरभऱ्याला एक पाळी होईल." रात्री वर कुठेतरी जोराची सर पडली. पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर पाणी माथ्याच्या जेमतेम वीतभर खाली. आम्ही दोघांनी एक शब्द न बोलता गोण्या ओढून काढल्या.

मातीच्या बांधाच्या बाबतीत यापेक्षा मोठी चूक मला माहीत नाही, आणि गावोगाव हीच होते. सिमेंटच्या बंधाऱ्याच्या डोक्यावरून पाणी गेलं तरी तो सहसा उभा राहतो. मातीच्या भरावावरून गेलं की पलीकडच्या उताराची माती सुटते, घळ पडते, ती मागे खात खात माथ्यापर्यंत येते. मग आवरणं कुणाच्या हातात राहत नाही. म्हणून सांडवा भरावाच्या बाहेर, बाजूच्या कठीण मुरमात किंवा कातळात काढायचा. त्यातून पूर वाहत असतानाही माथा पाण्याच्या दोन-तीन फूट वर राहिला पाहिजे. भराव पुढे बसतो, हेही धरून चाला. सुरुवातीला सरळ दिसणारा माथा दोन पावसाळ्यांत मधोमध खाली जातो, कारण मधोमधच तर भराव सर्वांत उंच असतो.

मासे सोडले की सांडव्याला जाळी लावायची, ही त्याच चुकीची धाकटी बहीण. पालापाचोळा, प्लास्टिक अडकून जाळीची भिंत होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं खासगी मातीचं धरण होतं, श्रीमंतांच्या मासेमारी-शिकारीच्या क्लबचं. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या, घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतलेला, आणि तळातून पाणी सोडायचे नळ तर क्लबने धरण घेण्याआधीच काढून विकलेले. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटलं. खाली जॉन्सटाउन गाव होतं. २,२०९ माणसं गेली. आपल्या चार मीटरच्या बांधाची त्याच्याशी तुलना नाही, पण जाळी तीच आहे. पावसाळ्यात काढून ठेवा. थोडे मासे जातील, जाऊ द्या.

"दोन पावसांत आपोआप बसेल"

हे वाक्य जेसीबीवाल्याचं. त्याचा मीटर तासावर चालतो, त्याला घाई असणारच. माती नुसती ढकलून रचलेला ढीग म्हणजे बांध नव्हे. आधी झाडोरा, मुळ्या, वरची भुसभुशीत माती काढायची. मधोमध कठीण थर लागेपर्यंत चर खणून त्यात चिकणमाती दाबून भरायची, नाहीतर पाणी बांधाच्या खालून वाट काढतं. काळी माती पोटात आणि बाहेरून मुरूम, असा भराव वीत-वीतभर थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबत वर न्यायचा. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात हात जाईल एवढा भेगाळतो. ओल बरोबर आहे का बघायला मूठभर माती दाबा. लाडू वळला, चिखल हाताला लागला नाही आणि फोडल्यावर दोन-तीन ढेकळं झाली, तर ठीक.

बांधातून पाइप टाकणार असाल तर तिथे रोलर उपयोगाचा नाही. पाइपच्या कुशीत माती हाताने, धुमसाने ठोकावी लागते, आणि पाइपभोवती काँक्रीटच्या एक-दोन कॉलर हव्यात. पानशेत आठवा. बांधकाम पुरं व्हायच्या आत धरण भरलं, भरावाखालून जाणारा विमोचक, म्हणजे पाणी सोडायचा मार्ग, खचला, त्याच्यावरची माती बसत गेली आणि १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं.

आता पाझराचं. तळातून पाणी मुरणं हा दोष नाही. त्यासाठीच तर बांध घालतो. आमच्या खालच्या विहिरीला पूर्वी फेब्रुवारीत खडक दिसायचा, आता एप्रिलपर्यंत मोटर चालते. भीती बांधाच्या अंगातून येणाऱ्या पाण्याची. पायथ्याशी ओल दिसली की पारदर्शक बाटलीत ते पाणी धरा. नितळ असेल तर खुणेची काठी रोवून रोज बघत राहा. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय, पोकळी तयार होतेय. अशा वेळी लोक बाहेरून चिकणमाती थापून भोक बुजवतात. त्याने पाणी थांबत नाही, दुसरीकडून फुटतं. बाहेरच्या बाजूला आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाका, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. बुजवायचं ते आतल्या बाजूने, आणि आधी पातळी उतरवून. तीही हळूहळू. तीन-चार मोटरी लावून एकदम उपसलं तर ओला उतार आतल्या बाजूला घसरतो.

भरावावर झाडं नकोत, गवत हवं. झाड मेलं की कुजलेल्या मुळाचीच नळी होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटल्यावर मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, त्यावरून बरेच विनोद झाले, पण खेकडे आणि घुशी बांध खरंच पोखरतात. गवत कापल्याशिवाय बिळं दिसत नाहीत, म्हणून मे महिन्यात एकदा विळा फिरवाच.

तपासायला कोणी सरकारी माणूस येईल या भ्रमात राहू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींसह १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. आपला बांध त्यात बसत नाही. ओढा मात्र सहसा सरकारी मालकीचा असतो, तेव्हा परवानगी आधी.

आणि रात्री पाणी माथ्याला टेकायला आलंच, तर पहिलं काम खालच्या वस्तीला फोन. नंबर पावसाळ्याआधीच घेऊन ठेवलेले असू द्या. मग सांडव्यात अडकलेलं काही असेल तर काठावरून काढा, आत उतरू नका. जागा लागलीच तर बांधाच्या टोकापलीकडच्या मूळ जमिनीत चर काढून द्या. भरावाला कुदळ लावू नका.