गोव्यात घराभोवती कुंपण घालताना: आधी दोरी, मग जाळी

कुंपण घालायचं ठरलं की पहिला फोन जाळीवाल्याला जातो. खरं तर तो सगळ्यात शेवटी करायचा फोन आहे.

आमचं घर फोंडा तालुक्यात, डोंगराच्या उतरणीला. परसात चार माड, केळी, पावसात दोडकी-काकडीचा मांडव. मोकाट गुरं पहाटे येऊन केळीचे कोंब खाऊन जायची, म्हणून कुंपण घातलं. जाळी चांगली होती, खांबही मजबूत होते. तरी पहिल्याच पावसात खालचा कोपरा पाण्याने आडवा केला. वरच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, आमच्या परसात उतरणारं पाणी आम्ही उन्हाळ्यात बघितलंच नव्हतं. तेव्हा हा लेख जाळीपेक्षा जाळीच्या आधीच्या कामांबद्दल जास्त आहे.

हद्द कागदावर आणि जमिनीवर

पहिलं काम कागदांचं. गावातली जमीन असेल तर एक-चौदाचा उतारा, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘वन फोर्टीन’, आणि सर्वे प्लॅन काढा. शहरी सर्वेत येत असेल तर फॉर्म डी. उताऱ्यात फक्त आपलं नाव बघून थांबू नका. कूळ आणि इतर हक्क यांचे रकानेही वाचा. त्याच जमिनीत मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर त्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या घराला नि वाटेला वेढा घालून तारा ओढल्या तर कुंपणाआधी दावा उभा राहील. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असेल तर तिथूनच विचारणा सुरू करावी.

प्लॅनवरची रेष आणि जमिनीवरचा बांध नेहमी जुळतोच असं नाही. जुना गडगा (दगडांचा बांध) हीच हद्द असं आजोबा सांगत आले असतील, पण गडगा कधीतरी गुरांना अडवायला सोयीच्या जागी रचलेला असतो. शंका असेल तर भू-अभिलेख खात्याकडे सीमांकनासाठी अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, सर्वेअर येऊन खुणा करून देतो. वेळ लागतो, पण त्या खुणांवर घातलेलं कुंपण पुन्हा उपटावं लागत नाही.

मग दोरी मारायची. कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सुतळी ताणायची आणि शेजाऱ्यांना बोलवायचं: “काका, उद्या दोरी मारतोय, जरा येऊन बघाल?” एवढं विचारलं की निम्मं भांडण मिटतं. आमच्याकडे काका आले, दोरी बघितली आणि एकच प्रश्न विचारला: “वाट खंय गेली रे?” बायका देवळात जायला आमच्या परसाच्या कडेने जातात, ती वाट कुठल्याच प्लॅनवर नव्हती. आम्ही दोरी दीड मीटर आत घेतली. वर्षानुवर्षांची वहिवाट किंवा पाण्याचा प्रवाह अडवला तर तक्रार मामलेदारापर्यंत जाऊ शकते, आणि गावात तोंड दाखवायचं असतं ते वेगळंच.

परवान्याचं थोडक्यात. चिऱ्यांची कंपाऊंड वॉल बांधायची तर पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना लागतो, आणि नगरनियोजन खात्याच्या नियमांत उंचीच्या मर्यादा आहेत. नुसत्या तारेच्या कुंपणालाही पंचायत सचिवाला आधी विचारा, खास करून रस्त्याच्या बाजूने, कारण रस्ता रुंद व्हायचा असेल तर मागे सरकावं लागतं. नदी, खाडी किंवा समुद्राच्या भरतीरेषेजवळ असाल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होतात. मध्ये झाड येत असेल तर गुपचूप तोडू नका, १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. दोरी झाडाला वळसा घालून नेणं सगळ्यात सोपं.

पाणी कुठून येतं ते जूनमध्ये बघा

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे कुंपणाचं काम दिवाळीनंतर काढायचं असलं तरी नजर टाकायची ती आदल्या पावसात. छत्री घेऊन एकदा हद्दीवरून फिरा. पाणी कुठून शिरतं, कुठून बाहेर पडतं, त्या जागी दगड ठेवून खूण करा. त्या दोन-तीन जागांवर खांब येणार नाही आणि जाळी जमिनीपर्यंत जाणार नाही, हे तेव्हाच ठरवायचं.

आमची चूक नेमकी तीच. जाळीखाली चिऱ्यांचे दोन थर सलग रचले, कारण डुकरं खालून उकरतात. पाण्याला वाट ठेवली नाही. फणसाची नि आंब्याची पानं येऊन जाळीला चिकटली, जाळीचं धरण झालं, कोपऱ्याचा खांब पहारीसारखा उपटला. आता तिथे फूटभर रुंदीची मोरी आहे, तोंडाशी सळ्यांची उभी जाळी. पानं अडकतात, पण हाताने काढता येतात.

कशाचं घालावं

कोणाला अडवायचं आहे, यावर सगळं ठरतं. गुरांसाठी पाच फुटी चेनलिंक (तारा एकमेकींत विणलेली) जाळी पुरते. रानडुकरांना खालची कड घट्ट लागते. साळिंदर उकरतं, त्याला जाळी फूटभर जमिनीत पुरावी लागते. माकडांना कुठलंच साधं कुंपण अडवत नाही, तेव्हा कंत्राटदार काहीही म्हणो, त्यासाठी उंची वाढवून पैसे घालवू नका. सत्तरी, सांगेसारख्या भागात गवा येतो. तो राज्यप्राणी आहे आणि अंगाने एवढा की चेनलिंक त्याला सुतळीसारखी. तिथे शेतीसाठी सौर कुंपणाचा विचार करतात. त्यात झटका क्षणार्धाचा असतो आणि तो खास यंत्रातून येतो. घरातली वीज थेट तारेत सोडणं बेकायदा आहे आणि त्यात माणसं मरतात. शेतजमीन असेल तर विभागीय कृषी कार्यालयात कुंपणाच्या अनुदानाची चौकशी जरूर करा, मात्र काम सुरू करण्याआधी.

जाळीत गेज समजून घ्या. आकडा जितका लहान तितकी तार जाड: १० गेज म्हणजे साधारण ३.२५ मिलिमीटर, १२ गेज २.६, १४ गेज २ मिलिमीटर. परसाला १० किंवा १२ घ्या, १४ तर कोंबड्यांच्या खुराड्यापुरतीच. हिरवं प्लॅस्टिक चढवलेली जाळी दिसायला छान, पण काही दुकानदार गेज प्लॅस्टिकसकट सांगतात. एक टोक सोलून आतली तार मोजा. माझ्या बहिणीचं घर किनाऱ्याजवळ आहे. तिने स्वस्त जाळी घेतली आणि दुसऱ्या पावसापर्यंत चहाच्या रंगाचं पाणी भिंतीवर ओघळत होतं. खारी हवा असेल तर जस्ताचा थर जाड असलेली जाळी मागा आणि ती वजनावर घ्या. हलकी जाळी काट्यावर लपत नाही.

खांब तीन प्रकारचे. सिमेंटचे स्वस्त आणि न गंजणारे, पण लोडिंगमध्ये तडे जातात, तेव्हा उतरवताना एकेक बघून घ्या. लोखंडी अँगल सरळ नि मजबूत, पण कापलेल्या तोंडाला नि वेल्डिंगला जस्ताचा रंग मारलाच पाहिजे. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप महाग. आम्ही सिमेंटचे सात फुटी घेतले: दोन फूट जमिनीत, पाच फूट वर.

जिवंत कुंपण, म्हणजे आमच्याकडची ‘वई’, अजूनही सगळ्यात स्वस्त. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या पाऊस सुरू होताना फूट-दीड फुटावर रोवल्या की रुजतात, आणि छाटलेला पाला माडाच्या आळ्यात खत म्हणून जातो. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर वाईट, मुलं असतील तर नको.

माल किती लागेल

समजा ५०० चौरस मीटरचा प्लॉट, २५ बाय २० मीटर. परीघ ९० मीटर. गाडीचं गेट ३ मीटर आणि एक छोटं दार १ मीटर वजा केलं की ८६ मीटर कुंपण. खांब अडीच मीटरवर धरले तर गेटाचे धरून ३७-३८ खांब, शिवाय कोपऱ्यांना नि गेटाजवळ तिरके आधार. जाळी ५० फुटी गुंडाळ्यांत मिळते, ८६ मीटर म्हणजे २८२ फूट, तेव्हा सहा गुंडाळ्या. खड्डे फूटभर चौरस, दोन फूट खोल, काँक्रीट १:२:४ (सिमेंट, रेती, खडी) धरलं तर सिमेंटची चौदा-पंधरा पोती. हे आकडे कागदावर घेऊन मगच दर विचारा. दर रनिंग मीटरवर सांगतात, त्यात खांब, काँक्रीट, गेट आणि मजुरी धरली आहे का, ते तोंडी नव्हे, लिहून घ्या.

काम सुरू झालं की

आधी चार कोपरे आणि गेटाचे खांब. ते ओळंब्यात उभे राहून पक्के झाले की त्यांच्यात दोरी ताणून मधले खांब. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके आधार हवेत, कारण जाळीचा सगळा ताण तिथे येतो. लांब सरळ रांगेत मध्येही, पन्नासेक फुटांवर, एक आधार द्या. आपल्या जांभ्या कातळात खड्डा खोदायला पहार नि पिकाव लागतो, मजूर दीड फुटावर थांबायला बघतात. मोजायला टेप घेऊन आपण तिथे उभं राहायचं, वाद नको. खणण्याआधी नळाची पाइप आणि विजेची केबल कुठून गेली आहे, ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा.

काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा, आणि तोवर तार ओढू देऊ नका. इथे सगळ्यांची घाई असते. आमच्या कंत्राटदाराने तिसऱ्या दिवशी जाळी ओढायला माणसं आणली, मी चहा पाजून परत पाठवली.

मग वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा ताणायच्या. जाळी खांबाच्या बाहेरच्या बाजूला लावा, म्हणजे गुरांचा धक्का खांबावर येतो, बांधणीच्या तारेवर नाही. एका टोकाला जाळी पक्की करून दुसऱ्या टोकाने जॅकने ओढायची, हाताने ओढलेली जाळी वर्षभरात पोट काढते. वरच्या कडेला वाकवलेली टोकं घ्या, उघडी टोकदार तार मुलांच्या हाताला लागते. उतारावर जाळी तिरकी ओढू नका, पायऱ्या पायऱ्यांनी खाली आणा.

गेट आतल्या बाजूला उघडणारं ठेवा आणि त्याचे खांब अडीच फूट खोल. बिजागरी आधीच खाली बसली तर सगळं कुंपण नवं असूनही जुनं दिसतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता सगळी जाळी हाताने हलवून बघितल्यावर, आणि जमत असेल तर एक सर पडून गेल्यावर.

माडाखालून कुंपण जात असेल तर तिथली वरची तार थोडी सैल ठेवा. सुकलेलं चुडत (झावळी) वरून पडलं की ताणलेली तार खांबासकट वाकते, सैल असली तर नुसती लचकते. मेअखेरीस मोरीच्या तोंडची पानं काढा, आणि रुजलेल्या गिरिपुष्पाची छाटणी पहिल्या पावसाआधी करून घ्या.